वाफसा नसलेल्या रानात डोस: मामांच्या लिव्हरमधल्या गाठींची केस

आमचे थोरले मामा, वय ५९, शिरोळ तालुक्यातले ऊसवाले शेतकरी. त्यांची केस मी पहिल्यापासून लिहितोय, त्यांना विचारून, नाव-गाव गाळून. मी कोल्हापुरात मेडिकल चालवतो, फार्मसी शिकलोय, केमोच्या औषधांची नावं, डोस, साठवण सगळं तोंडपाठ आहे, पण सलाईनच्या नळीतनं शिरेत गेलेलं औषध पुढं गाठीच्या आतपर्यंत पोचतं का, आणि नाही पोचलं तर का नाही, हा प्रश्न मला या केसच्या आधी कधी नीट पडलाच नव्हता. औषध दिलं म्हणजे लागलं, असंच मी धरून चाललेलो.

सुरुवात नेहमीसारखीच. शौचाला रक्त जायचं, मामांनी मूळव्याध समजून एका ठिकाणचं औषध आठ महिने घेतलं, तिथं कुणी एकदा बोट घालून तपासलं पण नाही, दुर्बिणीचं नाव तर लांबच. मी घरातला मेडिकलवाला, पण मलासुद्धा सांगितलं नाही, लाजले. मग एक दिवस पोट टम्म फुगलं, उलट्या सुरू झाल्या, रात्रीच कोल्हापूरला आणलं. आतडं डाव्या बाजूला गाठीनं जवळजवळ बंद झालेलं. तातडीनं तेवढा भाग काढला, बायोप्सीत कॅन्सर आला आणि सीटीत लिव्हरमध्ये तीन गाठी, सगळ्यात मोठी ५.८ सेंटीमीटर. हिमोग्लोबिन ८.४. म्हणजे चौथी स्टेज.

कॅन्सरच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं की लिव्हरच्या गाठी आता लगेच काढण्यासारख्या नाहीत, मोठी गाठ एका महत्त्वाच्या शिरेला चिकटून आहे, केमोनं ती आकसली तर लिव्हरचा सर्जन हात घालू शकेल. सगळी लढाई गाठ आणि ती शीर यांच्या मधल्या थोड्याशा जागेसाठी होती. जनुकाची टेस्ट केली त्यात केरास नावाच्या जनुकात बदल निघाला, त्यामुळं एका जातीची टार्गेटेड इंजेक्शनं बाद झाली, ती अशा पेशंटला लागू पडत नाहीत. उरलं ते फॉलफॉक्स, म्हणजे तीन औषधांची एकत्र केमो, दर १४ दिवसांनी, आणि त्याच्या जोडीला बेव्हॅसिझुमॅब, ज्याला आम्ही मेडिकलवाले नुसतं बेवा म्हणतो. पण बेवा जखम भरू देत नाही, मोठ्या ऑपरेशननंतर किमान २८ दिवस आणि टाके पूर्ण भरेपर्यंत देत नाहीत, म्हणून पहिले दोन सायकल, म्हणजे केमोचे दोन फेरे, नुसतं फॉलफॉक्स गेलं आणि तिसऱ्यापासून बेवा चालू करायचं ठरलं.

आणि इथं घरात भांडण लागलं.

मामेभाऊ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहे, डोक्यानं तल्लख. त्यानं मला विचारलं, बेवा काय करतं. मी म्हटलं, गाठीला नवीन रक्तवाहिन्या फुटू देत नाही, रक्तपुरवठा तोडतं, गाठ उपाशी मरते. पंधरा वर्षं मी पेशंटच्या नातेवाईकांना हेच सांगत आलो होतो. तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "दादा, केमो रक्तातनंच जातीय न्हवं? मग रक्त तोडलंस तर केमो कुठनं जाणार? एका हातानं औषध सोडायचं आणि दुसऱ्या हातानं व्हॉल्व्ह बंद करायचा?"

मला उत्तर आलं नाही. खरंच आलं नाही. मामी शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी तेवढंच धरलं की हे इंजेक्शन घ्यायचं नाही. चूक माझी होती, मी अर्धीच गोष्ट सांगितली होती, आणि अर्ध्या गोष्टीवर माणसं निर्णय घ्यायला लागली की नुकसान पेशंटचं होतं. दुसऱ्या दिवशी मी, मामेभाऊ आणि मामा तिघं मॅडमकडं गेलो.

मॅडमनी काही समजावायच्या आधी सीटी लावला. लिव्हर करडं, त्यात मोठी गाठ, गाठीच्या कडेनं पांढरट रिंग आणि मधला भाग काळपट. त्या म्हणाल्या, सीटीच्या आधी हाताच्या शिरेतनं डाय सोडला होता, तो जिथं पोचला तिथं पांढरं दिसतंय. केमोची वाटही हीच. म्हणजे गाठीच्या कडेला रक्त भरपूर खेळतंय, पण मध्ये जवळजवळ काहीच जात नाहीये. मधल्या काही पेशी मेलेल्या असतील, त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती कडा आणि काळोख यांच्या मधल्या पट्ट्याची, तिथल्या पेशी अर्धवट जिवंत असतात, त्यांना ऑक्सिजन कमी, औषध कमी, आणि त्या सावकाश वाढतात, केमो तर भराभर वाढणाऱ्या पेशींनाच जास्त मारते.

मामेभावानं विचारलं, पण गाठीत रक्तवाहिन्या जास्त असतात म्हणता ना? तर हो, जास्त असतात, पण त्या धड नसतात, हाच सगळा घोळ आहे. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढं वाढायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकेतले सर्जन जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. त्यासाठी गाठ व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडते, तो आजूबाजूच्या वाहिन्यांना निरोप असतो की इकडं फांद्या फोडा. शरीरात जखम भरताना पण हा निरोप जातो, पण काम झालं की थांबतो. गाठीत तो थांबतच नाही. मग घाईगडबडीत वाहिन्या फुटत राहतात, वाकड्यातिकड्या, कुठं फुगलेल्या कुठं चिंबलेल्या, काही पुढं जाऊन बंदच, काहींत रक्त आज इकडं वाहतंय तर थोड्या वेळानं उलटं. चांगल्या वाहिनीला बाहेरून आधार देणाऱ्या पेशी मिठी मारून बसलेल्या असतात, इथं त्या सुटलेल्या असतात किंवा नसतातच, त्यामुळं भिंतीला भोकं राहतात आणि रक्तातलं पाणी-प्रोटीन भसाभसा बाहेर झिरपतं.

बाहेर झिरपलं तर चांगलंच की, औषध पण झिरपेल, असं मलाही वाटलं. पण झिरपलेलं पाणी परत गोळा करून न्यायचं काम लिम्फच्या नळ्यांचं, आणि गाठीच्या आत त्या दबून निकामी झालेल्या असतात. पाणी साठत जातं. चांगल्या अवयवात पेशींच्या मधल्या पाण्याचा दाब जवळपास शून्य असतो, गाठीत तो १०, २०, काही गाठींत ३० मिलिमीटर पाऱ्याच्याही वर जातो, म्हणजे बारीक वाहिनीच्या आत जेवढा दाब तेवढाच बाहेर. आत-बाहेर दाब सारखा झाला तर ढकलणार कोण? औषध वाहिनीतनं येतं आणि बरंचसं तसंच पुढं निघून जातं, नाहीतर गाठीच्या कडेनं बाहेर पाझरतं.

एवढ्यावर मामा, जे इतका वेळ टोपी हातात घेऊन नुसते ऐकत होते, ते बोलले, "म्हंजे वाफसा न्हाय म्हणा की."

मॅडम पुण्याच्या, त्यांना पटकन कळलं नाही. मामा खुर्चीत पुढं सरकले. म्हणाले, "रानात पाणी हाय म्हणून ऊस येतोय व्हय? आमच्या नदीकडंच्या पट्टीत पाणी इतकं पाजलं पोरांनी, की जमीन क्षारपड झाली. खालनं पाणी, वरनं पाणी. मुळी गुदमरती. तिथं तुमी युरियाचा डोस टाका, डबल टाका, वरच्यावर वाहून जातोय, मुळीला काय घावत न्हाय. वाफसा आल्याबिगर डोस लागत न्हाय."

ज्यांना शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाफसा म्हणजे जमिनीत ओल पण आहे आणि हवा पण आहे अशी अवस्था, मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटानं टोकलं की फुटतो. चिखल नाही, कोरडं ढेकूळ नाही. पेरणी, कोळपणी, खताचा डोस, सगळं त्या चार-पाच दिवसांत. मामांच्या दोन एकर रानात सात-आठ वर्षांपूर्वी जमिनीखाली चारेक फुटांवर भोकाच्या पाईपा घातल्या, निचरा ओढ्याला काढला, आणि पांढरा खार फुललेल्या जमिनीत दोन-तीन वर्षांनी परत ऊस उभा राहिला. पाणी कमी केल्यावर पीक सुधारतं हे या माणसानं स्वतःच्या पायाखाली बघितलेलं. त्यामुळं मॅडम पुढं जे सांगत होत्या ते मला आणि मामेभावाला कळायच्या आधी मामांना कळलं.

पुढचं असं. बेवा व्हीईजीएफला पकडून ठेवतं. निरोपाचा आरडाओरडा कमी झाला की कच्च्या, कामाच्या नसलेल्या वाहिन्या गळून पडतात आणि उरलेल्यांची भिंत जरा सावरते, आधाराच्या पेशी परत चिकटतात, गळती कमी होते, बाहेर साठलेल्या पाण्याचा दाब उतरतो. वाहिन्या मोजायला कमी, पण ज्या आहेत त्या कामाच्या. तेवढे काही दिवस औषध आणि ऑक्सिजन आतपर्यंत जायला वाट मिळते. ही कल्पना २००१ मध्ये राकेश जैन यांनी मांडली. हा माणूस डॉक्टर नाही, केमिकल इंजिनिअर आहे, उत्तर प्रदेशातल्या ललितपूरचा, आयआयटी कानपूरमधनं शिकून अमेरिकेला गेला आणि पुढं बोस्टनला हार्वर्डमध्ये आयुष्यभर गाठीतले दाब आणि प्रवाह मोजत बसला. मला हे फार भावलं. डॉक्टर लोक गाठीतल्या पेशींकडं बघत होते तेव्हा हा पाईपलाईनकडं बघत होता.

२००४ मध्ये त्यांच्याच गटानं सहा पेशंटवर हे तपासलं, गुदाशयाच्या कॅन्सरचे पेशंट, बेवाचा एकच डोस दिला आणि १२ दिवसांनी बघितलं. गाठीतलं रक्त कमी झालं, वाहिन्यांची दाटी कमी झाली, पाण्याचा दाब उतरला, उरलेल्या वाहिन्यांना आधाराच्या पेशी जास्त दिसल्या, आणि एवढा पुरवठा कमी होऊनसुद्धा गाठ साखर ओढून घेते ते प्रमाण काही पडलं नाही. म्हणजे उरलेल्या वाहिन्या जास्त चोख काम करत होत्या असा त्याचा अर्थ लावला गेला. पेशंट सहाच, हे विसरायचं नाही.

मामेभाऊ काय लगेच मानणारा नव्हता. त्यानं विचारलं, आणि जास्त कापल्या गेल्या तर? तर बरोबर, तीच भीती आहे. डोस जास्त झाला किंवा फार दिवस चालला तर चांगल्या वाहिन्या पण जातात, मग चिखलाच्या जागी कोरडं ढेकूळ. मॅडमनी आपणहून दुसरी बाजू सांगितली आणि त्यांच्याबद्दल माझा आदर तिथं वाढला. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या दहा पेशंटमध्ये केमोच्या औषधाला किरणोत्सारी खूण लावून ते गाठीत किती जातं ते स्कॅनवर मोजलं, आणि बेवा दिल्यावर पाच तासांतच ते कमी जायला लागलं, चार दिवसांनंतरही कमीच होतं. मामेभावाची शंका अगदी तीच. याउलट मेंदूच्या गाठीत याच जातीच्या एका गोळीनं वाहिन्या सावरलेली अवस्था एका दिवसात चालू होऊन चार आठवडे टिकलेली २००७ मध्ये दिसली होती. गाठीगाठीत फरक आहे. ब्रेस्ट कॅन्सरसाठी बेवाला दिलेली परवानगी अमेरिकेनं २०११ मध्ये काढून घेतली, कारण आयुष्य वाढताना दिसलं नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्ये मात्र २००४ च्या मोठ्या ट्रायलमध्ये जुन्या केमोला बेवा जोडल्यावर सरासरी आयुष्य १५.६ वरनं २०.३ महिन्यांवर गेलं. पण आपण जे देणार ते फॉलफॉक्स, ऑक्झॅलीप्लॅटिनवालं, त्या जातीच्या केमोबरोबरच्या ट्रायलमध्ये फायदा लहान होता, आजार पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा काळ ८ वरनं ९.४ महिने, बस.

मी हे आकडे मुद्दाम लिहितोय. बेवा म्हणजे जादू असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका आणि बेवा म्हणजे केमोची वाट बंद, हे पण धरू नका.

मग आधी बेवा की आधी केमो, हा माझा फार्मसीवाला प्रश्न होता. मॅडम म्हणाल्या, बेवाचा निम्मा भाग शरीरातनं जायला साधारण २० दिवस लागतात आणि आपण दर १४ दिवसांनी देणार. म्हणजे दुसऱ्या डोसपासून केमो जाताना आधीचं बेवा अंगात असतंच. त्या दिवशी सकाळी कुठली बाटली आधी टांगली यानं फारसं बदलत नाही. महत्त्वाचं हे की डोस वजनाप्रमाणं, किलोला ५ मिलिग्रॅम, त्याच्यावर उगाच चढवायचं नाही, आणि बीपी-लघवी बघत राहायचं. आणि दुसरी गोष्ट, त्या म्हणाल्या, वाट सुधारायची तर बाकीच्या गोष्टी पण करा: रक्त वाढवा आणि तंबाखू सोडा. हिमोग्लोबिन ८ असलेल्या रक्तात ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी, ऑक्सिजन वाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच पोचतो, त्याच्या पलीकडची पेशी गुदमरलेली असते आणि गुदमरलेली पेशी आणखी व्हीईजीएफ सोडते. परत तोच फेरा. मामा चाळीस वर्षं चुना-तंबाखू मळणारे. त्यांनी खिशातली डबी काढून मॅडमच्या टेबलावर ठेवली, काही न बोलता. ती डबी आजही माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आहे.

बेवा द्यायचं ठरलं. मामींना मामांनीच समजावलं, कसं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी मामी मला म्हणाल्या, "निचऱ्याचं औषध हाय म्हणं ते." याच्यापेक्षा चांगलं मला पंधरा वर्षांत सांगता आलं नव्हतं.

तिसऱ्या सायकलचा दिवस मला बारीकसारीक आठवतो कारण बाटल्या मीच नेल्या. वजन ६१ किलो, हिशेबानं ३०५ मिलिग्रॅम, ते ३०० धरून १०० च्या तीन वायल्स घेतल्या, भारतीय कंपनीचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं, मूळ कंपनीच्या मालापेक्षा बरंच स्वस्त. हे २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, गोठवायचं नाही आणि हलवायचं नाही, प्रोटीन आहे, फेस झाला तर बिघडतं. आईसबॉक्स मांडीवर घेऊन मी राजारामपुरीतनं रिक्षानं गेलो, रिक्षावाल्या मामांना सांगितलं खड्डे चुकवा. डे-केअरच्या सिस्टर पक्क्या होत्या, तरी मी तिथं उभं राहून बघितलं, कारण या दोन औषधांचं एकमेकांच्या उलटं आहे: बेवा फक्त साध्या मिठाच्या सलाईनमध्ये मिसळायचं, ग्लुकोजमध्ये चालत नाही, आणि ऑक्झॅलीप्लॅटिन फक्त ग्लुकोजमध्ये, मिठाच्या सलाईनमध्ये ते बिघडतं. एकाच खुर्चीशेजारी, एकाच स्टँडवर, दोन बाटल्या, अदलाबदल झाली तर दोन्ही वाया. मध्ये नळी धुऊन घ्यायची. पहिलं बेवा दीड तास चालवलं, पुढच्या वेळी तासभर, मग अर्धा तास. त्यानंतर ऑक्झॅलीप्लॅटिन दोन तास, आणि शेवटी छातीतल्या पोर्टला, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या औषध सोडायच्या डबीला, फ्लूरोयुरासिलचा बलून पंप लावून ४६ तासांसाठी घरी.

ते दोन दिवस मामा माझ्याकडं राहायचे. पंपाची पिशवी कमरेला, वर शर्ट. संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर चालायला जायचो, पहिल्या वेळी अर्ध्यातच बसले, चौथ्या-पाचव्या सायकलला शालिनी पॅलेसच्या बाजूपर्यंत सहज. चालवायचं एक कारण पोट आणि झोप, दुसरं म्हणजे उंदरांवरच्या प्रयोगांत नियमित पळणाऱ्या उंदरांच्या गाठींतल्या वाहिन्या जास्त धड दिसल्या आणि केमो जास्त लागू पडली. माणसात तेवढं पक्कं नाही, पण चालण्यानं नुकसान तर काही नाही, म्हणून मी चालवत राहिलो. थंडीचे दिवस होते. एकदा मी सांगायच्या आधी मामांनी पहाटे नळाच्या गार पाण्यानं चूळ भरली आणि घसा आवळल्यासारखा होऊन घाबरले, बोटांना मुंग्या. ऑक्झॅलीप्लॅटिनमुळं गार सोसत नाही, तीन-चार दिवस सगळं कोमट, स्टीलचा गार तांब्या पण फडक्यानं धरायचा. हे पेशंटला आधी सांगायला पाहिजे होतं, आमच्याकडून राहिलं.

बेवाच्या तिसऱ्या डोसच्या आधी बीपी १६२/९८ निघालं. आधी १३० च्या आत असायचं. घरी मशीन दिलेलं, पण मामा मोजून वहीत लिहायचे आणि आम्हाला सांगायचे नाहीत, "उगं कशाला, डोस थांबवतील." त्या दिवशी डोस थांबवला नाही पण दुपारपर्यंत बसवून ठेवलं, लघवीत प्रोटीन तपासलं, थोडं होतं, गोळी चालू केली. बीपीची टेल्मिसार्टन दिली तेव्हा माझे कान टवकारले, कारण त्याच घराण्यातली लोसार्टन गाठीतला चिवट जाळीदार भाग सैल करून दबलेल्या वाहिन्या मोकळ्या करते असं उंदरांत दिसलंय, आणि २०१९ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या ४९ पेशंटमध्ये केमो-रेडिएशनबरोबर ती देऊन बघितली तर त्यातल्या ६१ टक्के पेशंटची गाठ ऑपरेशनमध्ये स्वच्छ कडेनं निघाली. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, ही गोळी बीपीसाठी आहे, लघवीतल्या प्रोटीनसाठी पण चांगली आहे, त्याच्यापुढचं स्वप्न बघू नकोस, त्या ट्रायलमध्ये तुलनेला दुसरा गट नव्हता. पटलं मला. कुणी हे वाचून बीपी नसताना अशी गोळी आपल्या पेशंटला चालू करू नये, बीपी पडून माणूस चक्कर येऊन पडेल आणि केमोच हुकेल.

सहाव्या सायकलनंतर बेवा बंद केलं, सातवं नुसतं फॉलफॉक्स. कारण सर्जननी सांगितलेलं की बेवाचा शेवटचा डोस आणि लिव्हरचं ऑपरेशन यात सहा आठवडे पाहिजेत. परत तोच हिशेब, औषध अंगात रेंगाळतं, आणि ज्या निरोपावर गाठ वाहिन्या फोडते त्याच निरोपावर जखम भरते. आपल्याला ऑपरेशन करायचं आहे म्हटल्यावर तो निरोप परत चालू व्हायला वेळ द्यायला पाहिजे. मामी रोज विचारायच्या, औषध थांबवलंय, गाठ वाढली तर. ते सहा आठवडे सगळ्यात वाईट गेले.

सीटी आला. मोठी गाठ ५.८ वरनं ४.३. मी आकडाच बघत होतो, मॅडम मात्र कडा बघत होत्या. पहिल्या सीटीतली पांढरी रिंग गेलेली, गाठीची कड पेन्सिलनं आखल्यासारखी स्वच्छ, आतला भाग सगळीकडं एकसारखा करडा. त्या म्हणाल्या, बेवाबरोबरच्या केमोत नुसता आकार मोजून कळत नाही, लिव्हरच्या गाठीचं रूप असं बदललं तर आत बऱ्याच पेशी मेल्याची ती खूण असते. आणि शिरेपासून गाठ सुटली होती. थोडीच, पण सुटली होती. उजव्या बाजूच्या दोन गाठी सर्जननी काढल्या, डावीकडची बारकी मायक्रोवेव्हनं जाळली. नऊ दिवसांनी घरी.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये मोठ्या गाठीत निम्म्याहून जास्त भाग वण झालेला आणि मेलेला, पण जिवंत पेशींची बेटं पण होती. ती बेटं कुठं होती, वाहिनीपासून किती लांब, हे रिपोर्टमध्ये नसतं. मामेभावानं विचारलं, "बेवा नसतं तर?" या प्रश्नाला एका माणसाच्या केसमधनं उत्तर निघत नाही. फॉलफॉक्स एकट्यानं पण एवढं केलं असतं, शक्य आहे. मला एवढंच सांगता येतं की बेवा दिल्यावर गाठीचं रूप बदललं आणि केमोची वाट बंद झाली अशी भीती होती तसं काही दिसलं नाही.

ऑपरेशननंतर बेवा दिलं नाही, आतड्याची गाठ पूर्ण काढल्यावर पुढं खबरदारी म्हणून बेवा देऊन फायदा होत नाही हे मोठ्या ट्रायल्समध्ये दिसलंय. फॉलफॉक्सचे चार सायकल झाले, त्यातल्या शेवटच्या दोनमधनं ऑक्झॅलीप्लॅटिन वगळलं कारण तळपाय बधिर व्हायला लागले होते. दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी आणि सीटी चालू आहे, आत्तापर्यंतचे दोन्ही ठीक आले. पुढचा श्रावणात आहे.

पाय अजून पूर्ण आलेले नाहीत. मागच्या महिन्यात मी गावाकडं गेलो तेव्हा मामा निचऱ्याच्या रानात उभे होते, पायात मोजे आणि बूट, मॅडमनी अनवाणी फिरायला बंदी केलीय कारण काटा मोडला तरी कळत नाही. पूर्वी सरीतनं दोन पावलं चालले की वाफसा आलाय का नाही ते तळव्याला कळायचं त्यांना. आता वाकतात, मूठभर माती उचलतात, दाबतात आणि बोटानं टोकून बघतात. त्या दिवशी गोळा फुटला नाही, नुसता दबला. "अजून दोन दिस," म्हणाले, आणि खताची पोती परत शेडमध्ये ठेवायला सांगितली.